‘अमर ज्योती’ एकट्या शांतारामांचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शहरात नुकताच ‘अमर ज्योती’चा खेळ झाला, त्याची बातमी आपल्या अंकात वाचली. हल्ली इतक्या जुन्या बोलपटासाठी दोन स्तंभ कोण सोडतो? आपण सोडलेत, त्याबद्दल आभार. पण त्या दोन स्तंभांत व्ही. शांताराम यांचं नाव जागोजाग आहे, दुर्गा खोटे यांचं एकदा, आणि संगीत चक्क केशवराव भोळे यांच्या नावावर घातलं आहे. आयोजकांनी दारात वाटलेल्या पत्रकातही हीच चूक होती, तेव्हा ती तिथूनच उचलली गेली असावी. ‘अमर ज्योती’चं संगीत मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचं आहे.

चूक होण्याजोगी आहे, हे मान्य. हा चित्रपट काढणाऱ्या प्रभात कंपनीत त्या काळी दोघेही संगीत देत. ‘अमृतमंथन’ भोळ्यांचा, ‘धर्मात्मा’ मास्तरांचा. ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ भोळ्यांचे, ‘गोपाळकृष्ण’ आणि ‘माणूस’ मास्तरांचे. पण दोघांचा पिंड निराळा. भोळे ‘कुंकू’त पार्श्वसंगीत जवळजवळ बाजूला ठेवून घरातल्या आवाजांवर प्रसंग तोलून धरतात. मास्तर म्हणजे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत तयार झालेले. बैठकीत ज्यांची तान कुठे वळेल याचा नेम नसे, अशा माणसाने सिनेमाच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत स्वतःला बसवलं. ‘अमर ज्योती’तलं शांता आपट्यांचं ‘सुनो सुनो बन के प्राणी’ ऐका. चाल सोपी, कुणालाही गुणगुणता येईल अशी, पण जागा घेतल्या आहेत त्या शिकलेल्या गळ्याच्या. हे गाणं पडद्यावर जिने म्हटलं तिनेच ते गायलं. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली पार्श्वगायन आणलं होतं खरं, पण प्रभातची नटी अजून स्वतःच्या गळ्यावरच उभी होती.

दुरुस्ती एवढ्यावर संपली असती, तर दोन ओळींत पत्र आटोपलं असतं. मला खटकलं ते आपल्या बातमीचं शेवटचं वाक्य: प्रभातच्या संतपटांच्या मानाने हा चित्रपट ‘शांतारामांचा एक वेगळा प्रयोग’ होता. यात दोन गोष्टी गैर आहेत. एक म्हणजे तो एकट्या शांतारामांचा नव्हता. दुसरं म्हणजे तो कडेला पडलेला प्रयोगही नव्हता.

१९३६ हे साल डोळ्यासमोर आणा. पुण्याला, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारात, एकाच वर्षात ‘अमर ज्योती’ आणि ‘संत तुकाराम’ हे दोन चित्रपट झाले. एकात शांताराम दिग्दर्शक, दुसऱ्यात दामले आणि फत्तेलाल. एकात समुद्रावरची लुटारू बाई सौदामिनी, जहाजं, तलवारी, राजकारस्थानं. दुसऱ्यात देहूचा वाणी. आणि या दोन्हींचा कॅमेरा एकाच माणसाच्या हातात, व्ही. अवधूत यांच्या. पुढच्या वर्षीच्या ‘कुंकू’चंही छायाचित्रण त्यांचंच. तुकारामाच्या घरातला साधा उजेड आणि सौदामिनीच्या जहाजावरचा नाट्यपूर्ण काळोख हे एकाच डोळ्याने पाहिलेलं आहे, हे आपल्या किती वाचकांना ठाऊक असेल? आपल्या बातमीत अवधूत नाहीतच. पत्रकातही नाहीत.

नेपथ्य उभं करणारे फत्तेलालही नाहीत. कंपनीतले सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते आणि विष्णुपंत दामले पडदे रंगवता रंगवता सिनेमा शिकले. तिथेच शांताराम आणि केशवराव धायबर भेटले, आणि १ जून १९२९ रोजी सीतारामपंत कुलकर्ण्यांचं भांडवल जोडून या मंडळींनी कोल्हापुरातच प्रभात काढली. मी कोल्हापूरचा, म्हणून हे जरा ठासून सांगतो; १९३३ ला कंपनी पुण्याला गेली तेव्हापासून पुणेकरांनी ती आपलीच धरली आहे. साहेबमामा एका वर्षात देहूचं घर उभं करतात आणि कुठल्याच नकाशावर नसलेल्या राज्याचा दरबारही. त्या दरबाराचे खांब, जिने, कमानी बघताना तो काळ कोणता, देश कोणता, असा प्रश्नच पडत नाही, इतकं ते आपापल्या जागी चपखल आहे. कथा काल्पनिक राज्यातली असली की नेपथ्यकाराला मोकळं रान मिळतं आणि बहुतेकजण त्यात वाहवत जातात. मामांचा हात सुटत नाही.

आता कथेबद्दल, कारण तिच्यावरूनच ‘प्रयोग’ हा शब्द आला असावा. सौदामिनीचं मूल कायदा नवऱ्याच्या हवाली करतो. न्यायाच्या गादीवर दुर्जय बसलेला. तो तिचं ऐकत नाही. मग ती समुद्रावर जाते, लुटारूंची टोळी उभारते आणि राज्याशीच उभा दावा मांडते. राजघराण्याचं जहाज लुटताना दुर्जय तर तिच्या हाती लागतोच, शिवाय लपून बसलेली राजकन्या नंदिनीही लागते. पुढे नंदिनीचा जीव सुधीर नावाच्या मेंढपाळावर जडतो आणि तो निघतो सौदामिनीचाच हरवलेला मुलगा. शेवटच्या योगायोगाला हसू येईल, येऊ द्या. पण मुळातला प्रश्न, म्हणजे मुलावर आईचा हक्क किती, हा १९३६ साली आपल्याकडे पडद्यावरचा नव्हे, घराघरातला प्रश्न होता. पुढच्याच वर्षी ‘कुंकू’त हाच बंडखोर स्वर समुद्रावरून उतरून एका वाड्याच्या माजघरात आला. नंदिनी झालेल्या शांता आपटे तिथे नीरा झाल्या. ‘अमर ज्योती’त रेखाचं काम करणारी वासंतीही ‘कुंकू’त आहे. मग हा वेगळा प्रयोग कसा? ही तर ‘कुंकू’ची आदली पायरी.

ही कथा लिहिली के. नारायण काळे यांनी, आणि चित्रपटात भूमिकाही केली. हे तेच काळे, ज्यांनी १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेतून ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणायला हातभार लावला. इब्सेनच्या वळणाचं नाटक मराठीत रुजवू पाहणारा माणूस तीन वर्षांनी लुटारू बाईची कथा लिहितो, तेव्हा ती नुसती तलवारबाजी असणार नाही, हे उघड आहे. संवाद आणि गीतं हिंदी, नरोत्तम व्यास यांची. आणि इथेच आपल्या विस्मरणाचं कारण सापडतं असं मला वाटतं. प्रभात बहुतेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढी. ‘अमर ज्योती’ मात्र हिंदीतच निघाला. तो व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला, पण आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ‘तुकाराम’ राहिला, ‘माणूस’ राहिला, हा राहिला नाही.

दुर्जय झालेल्या चंद्रमोहनचंही तसंच. ‘अमृतमंथन’मधला राजगुरूचा तो पडदाभर एकच डोळा अनेकांना आठवतो, पण तो हिंदी आवृत्तीतला, मराठीत राजगुरू केशवराव दाते होते. त्यामुळे केवळ मराठी आवृत्ती पाहिलेल्या घरांत चंद्रमोहन हे नावच पोचलं नाही. ‘अमर ज्योती’त त्याचे डोळे तेच आहेत, आवाजाचा दाबही तोच, पण इथे त्याला हरावं लागतं, प्रेमात पडावं लागतं, नाकारलं जावं लागतं. खलनायकाला असं काम त्या काळी कोण देत होतं?

दुर्गाबाईंबद्दल नव्याने काय सांगणार. एक मात्र सांगतो. स्टुडिओच्या काळात नट-नट्या महिन्याच्या पगारावर कंपनीला बांधलेल्या असत. दुर्गाबाई त्या जमान्यात प्रभातमध्ये काम करत, कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्येही करत आणि पुन्हा पुण्याला येत. स्वतःच्या अटींवर काम करणाऱ्या बाईला सौदामिनीसाठी निवडणं, यात दिग्दर्शकाची नजर आहेच. ते श्रेय शांतारामांना खुशाल द्या. आणि शांताबाई आपटे? पडद्यावर बंडखोर बाईच्या गोटात सामील झालेली ही राजकन्या १९३९ साली कराराच्या भांडणावरून खऱ्याखुऱ्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. कंपनी म्हणजे एक कुटुंब होतं, असं आपण लिहितो. कुटुंब होतं, म्हणून भांडणंही होती.

याच कुटुंबात कंपनीतल्या किरकोळ कामांतून वर आलेल्या गौरीबाई तुकारामाची जिजाई झाल्या. हे नाव निदान पडद्यावर चेहरा होता म्हणून टिकलं. सुतार, रंगारी, शिंपी, दिवे धरणारे, आवाजाच्या यंत्रापाशी बसणारे यांची नावं शोधायला आज कागद तरी कुठे उरलेत? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या गोदामाला आग लागली, तीत प्रभातच्या कितीतरी मूळ फिती गेल्या. जे वाचलं आहे ते बहुतेकांना मोबाइलवर दिसतं, आणि तिथेही काही उत्साही लोक सुरुवातीची श्रेयनामावली कापून स्वतःचं बोधचिन्ह चिकटवतात. मी पाहिलेल्या एका प्रतीत तर पहिली फ्रेमच थेट कथेतली आहे. उरलेल्या प्रतीत नावं अशी भराभर जातात की थांबवून, मागे नेऊन, डोळे बारीक करून वाचावी लागतात. कष्टाचं काम आहे, पण पत्रक छापण्यापूर्वी कुणीतरी ते करायला हवं होतं.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या अंकात संगीतकाराच्या नावाची दुरुस्ती छापावी आणि तिच्यासोबत अवधूत, फत्तेलाल, काळे, व्यास, चंद्रमोहन, वासंती आणि सुधीरचं काम करणारे नांद्रेकर ही नावंही द्यावीत. आयोजकांना सांगणं असं, की पुढचा खेळ ‘माणूस’चा आहे असं कळतं; त्याचं संगीतही मास्तरांचंच आहे, पत्रक आत्ताच तपासून घ्यावं.

कळावे,
आपला एक वाचक,
कोल्हापूर