बंब मोडीत द्यायचा का?

सोल्वेझीच्या पश्चिमेकडील वसाहत, झांबिया
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोन मध्येच तुटला आणि बाबांचे दोन्ही प्रश्न तसेच राहिले. एक, माळ्यावरचा जुना तांब्याचा बंब मोडीत द्यायचा का, कारण खानापूरचा भंगारवाला पूर्वी कधी दिला नव्हता एवढा भाव देतो आहे. आणि दोन, तुम्ही तांब्याच्या खाणीवाली मंडळी तिथल्या लोकांची जमीन घेता, त्यांना देता काय. दुसरा प्रश्न विचारताना तुमचा आवाज बदलला होता, बाबा, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे. फोनवर असल्या गोष्टींची उत्तरे नीट देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आईला वहिनींनी वाचून दाखवावे आणि नंतर पत्र कोल्हापूरला ताईकडे पाठवावे.

बंब अवश्य मोडीत द्या. त्याचा तळ दोनदा झाळून घेतलेला आहे, आणि गच्चीवर सौरबंब बसल्यापासून त्यात पाणी तापलेले नाही. तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचा गुण कमी होत नाही, आणि आज जगात जेवढे तांबे वापरले जाते त्यातला सुमारे तिसरा हिस्सा असाच मोडीतून येतो. आपला बंब वितळून तारेत गेला तर तेवढ्यासाठी कुणाच्या तरी रानातला दगड फोडावा लागणार नाही. मात्र आईचा पूजेचा कलश, ताम्हण आणि आजीची घागर यांना भंगारवाल्याने हात लावता कामा नये.

भाव का चढला, हे बाबांना मोटरवरून पटेल. दर उन्हाळ्यात व्होल्टेज पडून नदीवरची थ्री-फेज मोटर जळायची आणि वाइंडिंगवाला तारेचे वजन करून किलोवर बिल लावायचा. ती तार तांब्याची. खांबावरून जाणाऱ्या तारा अॅल्युमिनियमच्या चालतात, कारण तिथे जाडी वाढवायला जागा असते; मोटरच्या आत जागा थोडी आणि उष्णता फार, म्हणून तिथे तांबेच हवे. आता जग डिझेल-पेट्रोल आणि कोळसा सोडून विजेकडे वळते आहे, म्हणजे जिथे इंजिन होते तिथे मोटर येते आहे. पेट्रोलच्या मोटारीत सुमारे २३ किलो तांबे असते, तर बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीत सुमारे ८३ किलो. सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला जाताना माळावर ज्या पवनचक्क्या दिसतात त्यांच्या जनित्रांत, सौर पॅनेलपासून निघणाऱ्या केबलींत, ट्रान्सफॉर्मरांत, सगळीकडे हाच धातू आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला तो उगाच नव्हे.

पण हे ८३ किलो येतात कुठून, हे शहरातला माणूस पाहत नाही. हल्लीच्या मोठ्या उघड्या खाणींत शंभर किलो दगडातून बहुधा अर्धा ते एक किलो तांबे निघते. अर्धा किलो धरला तर एका मोटारीपुरते तांबे काढायला सोळा-सतरा टन दगड फोडून, दळून, पाण्यात घुसळावा लागतो. आपल्याकडे गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर चढणीला कण्हत असतो, साधारण तेवढे ओझे एका मोटारीमागे. त्या दगडाच्या वर जी निव्वळ माती आणि खडक उपसावा लागतो तो यात धरलेलाच नाही.

आमचा प्रकल्प अजून खाण झालेला नाही. सोल्वेझीहून कच्च्या वाटेने चार-पाच तास आत, दाट नसलेल्या पण न संपणाऱ्या जंगलात आमची वसाहत आहे. माती आपल्या खानापूरसारखीच तांबडी आहे आणि वारुळे माणसाहून उंच आहेत. साठा सापडल्यापासून पहिले तांबे बाहेर पडेपर्यंत जगात सरासरी सोळा वर्षांहून अधिक काळ लागतो. पूर्वी मला हा आकडा आळसाचा वाटत असे. इथे येऊन कळले की आधी रस्ता, मग पूल, मग विजेची वाहिनी, मग पाणी, आणि या सगळ्याच्या आधी भूगर्भातून काढलेल्या दगडी कांड्यांच्या पेट्यांवर पेट्या तपासत बसणे, यातच माणसाचे तारुण्य जाते. तयार माल समुद्रापर्यंत नेणे हेही सोपे नाही. चीनच्या मदतीने १९७०-७५ मध्ये बांधलेली ताझारा रेल्वे इथल्या कापिरी म्पोशीहून टांझानियातील दार-ए-सलाम बंदरापर्यंत १,८६० किलोमीटर जाते. पश्चिमेला अंगोलातील लोबितो बंदराचा रेल्वेमार्ग इथपर्यंत जोडण्याची योजना आहे. तोवर बहुतेक तांबे ट्रकांवरच लादले जाते.

आईला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. या भागात जिथे जमिनीत तांबे फार असते तिथे झाडे वाढत नाहीत, मधेच मोकळे पटांगण पडल्यासारखे दिसते. तशा जागी गुडघाभर उंचीचे एक रोप उगवते, त्याला इथे तांब्याचे फूल म्हणतात, आणि पूर्वीचे शोधक त्याच्या मागावरून खनिज शोधत. आमच्या भूगर्भतज्ज्ञाने त्याची पाने चुरगळून माझ्या हातावर ठेवली, आणि रोपाच्या लांबट तुऱ्यांकडे पाहून मी म्हणालो की हे आमच्या अंगणातल्यासारखे आहे. ते खरोखरच तुळशीच्या कुळातले निघाले. तांब्याच्या कलशातून तुळशीला पाणी घालताना आई, तुझी ही एक आप्त इतक्या दूर तांब्यावर उभी आहे, हे ध्यानात असू दे.

तांबे दगडातून सोडवण्याची एक रीतही तू जाणतेस. चिंचेच्या कोळाने घागर घासली की ती लखलखते, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, कारण आंबट पदार्थ तांब्याला विरघळवतो. इथल्या पट्ट्यात वरच्या थरातले हिरवे खनिज असते, त्याच्यावर सौम्य केलेले गंधकाम्ल सोडतात. तांबे त्या द्रवात उतरते, आणि पुढे विजेच्या हौदात आठवडाभर प्रवाह सोडला की पत्र्यावर ९९.९९ टक्के शुद्ध थर बसतो. खालच्या थरातला गंधकयुक्त दगड मात्र आम्लाला तसा दाद देत नाही; तो पिठासारखा दळून फेसावर तरंगवून वेगळा करावा लागतो.

आणि तांबे काढून घेतल्यावर उरलेले नव्व्याण्णव भाग कुठे ठेवायचे, याचीच मला रात्री सर्वांत जास्त चिंता वाटते. तो गाळ बांध घालून साठवतात. २५ सप्टेंबर १९७० रोजी याच देशातल्या मुफुलिराच्या भूमिगत खाणीत वरच्या तळ्याचा गाळ शिरला आणि ८९ कामगार गेले. याच वर्षी फेब्रुवारीत कितवेजवळ आम्लयुक्त गाळाचा बांध फुटला, ते पाणी काफ्वे नदीच्या खोऱ्यात उतरले, मासे मेले, आणि लाखो वस्तीच्या कितवे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. त्या आठवड्यात आमच्या बैठकीत कुणी मान वर करत नव्हते. स्वच्छ विजेसाठी लागणारा धातू नदी नासवून काढला तर ती वीज स्वच्छ कशी म्हणायची, असे मी तिथे उभे राहून विचारले, आणि आजही माझे म्हणणे तेच आहे.

माझ्याकडे पंपांचे काम आहे, हे तुम्हाला माहीत आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतीव पंपांच्या कवचाला हात काळे केले ते इथे उपयोगी पडत आहेत. खड्डा खोल गेला की त्यात भूजल झिरपते आणि ते अखंड उपसावे लागते. उपसा सुरू झाला की आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. कणकुंबीच्या कळसा नाल्याच्या कालव्यावरून आपल्या तालुक्यात जे ऐकत मी वाढलो, त्यामुळे पाणी वळवणे म्हणजे काय हे मला नकाशावरून शिकावे लागले नाही. म्हणून मी वरिष्ठांना लेखी कळवले की पंपाची कळ दाबण्यापूर्वी खालच्या तिन्ही वस्त्यांत खोल बोअर खोदून, हातपंप बसवून, वर्षभर पातळी मोजली पाहिजे. दोन महिने वाद झाला. शेवटी दोन बोअर झाले, तिसऱ्याला यंत्र अजून यायचे आहे.

आता जमिनीचे. इथली बरीच जमीन कागदोपत्री कुणा एकाची नसते, ती पारंपरिक मुखियाच्या अखत्यारीत असते आणि त्याच्या संमतीवाचून पुढे जाता येत नाही. पण मुखियाची संमती म्हणजे कसणाऱ्या बाईची संमती नव्हे. जलवाहिनीच्या खुंट्या मारायला मी गेलो तेव्हा एका म्हातारीच्या कसाव्याच्या शेतात मोजणीदार नुकसानभरपाईसाठी झाडे मोजत होता. त्याने आंब्याची चौदा झाडे लिहिली. ती सतरा म्हणत होती. राहिलेली तीन रोपे होती, कमरेएवढी, आणि त्याच्या हिशेबात रोप म्हणजे झाड नव्हे. तिने प्रत्येक रोपाजवळ जाऊन त्याच्या शेंड्याला हात लावून दाखवला. कागद इंग्रजीत होता, ती बोलत होती काओंदे भाषेत, आणि अंगठा उमटवण्यासाठी शाईची डबी उघडलेली होती.

बाबा, मला आपला ओटा आठवला. रस्त्यासाठी आपल्या ओढ्याकाठची पट्टी गेली तेव्हा आलेली नोटीस तुम्हाला वाचता येईना, आणि ज्याने वाचून दाखवली त्याने मुदतीची ओळ सांगितलीच नाही. हरकत घ्यायला तुम्ही पोचलात तोवर तारीख उलटून गेली होती. त्या पट्टीतला फणस भरपाईत धरला गेला नव्हता, याचे शल्य तुम्हाला पैशांहून मोठे आहे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. आपल्याच हलशीत कदंब राजांचे ताम्रपट सापडले. दान दिलेल्या जमिनीची मोजदाद करून ती तांब्यावर कोरत असत आणि तसल्या पटांच्या शेवटी भूमी हिरावणाऱ्याला शाप लिहीत, म्हणजे दिलेला शब्द गंजू नये. दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांना ते सुचले, त्यांच्या गावचा मुलगा इथे तांबे काढायला आला असताना त्याने शाईची डबी उघडी पाहून गप्प बसणे मला शक्य नव्हते. मी अंगठा थांबवला. माझा तो अधिकार नव्हता आणि त्याबद्दल मला बोलणीही बसली, पण कागद तिच्या भाषेत मोठ्याने वाचल्याशिवाय सही घ्यायची नाही, एवढे मान्य झाले.

तर आम्ही त्यांना देतो काय? काहींना रोजगार, काहींना विटांची घरे, एक रस्ता, एक शाळाखोली. एवढ्याने फिटले असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी इथे भीषण दुष्काळ पडला, करिबा धरणाचे पाणी आटले, आणि या देशाची बहुतेक वीज जलविद्युत असल्यामुळे शहरे दिवसाचे कित्येक तास अंधारात राहिली. खेड्यांत तर वीज मुळातच पोचलेली नाही. जगाच्या मोटारींसाठी तांबे ज्या जमिनीतून जाते तिथल्या मुली कंदिलावर अभ्यास करतात, हे मला न्याय्य वाटत नाही. आमच्या वाहिनीवरून या वस्त्यांना एक फाटा द्यावा असा प्रस्ताव मी मांडला आहे. खर्च फार नाही, परवानग्या फार आहेत.

तरीही हे काम सोडून परत यावे असे मला वाटत नाही, बाबा. कोळशाच्या धुरापेक्षा हा मार्ग बरा आहे याविषयी माझी खात्री आहे, आणि जे होणारच आहे ते होताना मोजणीच्या जागी कुणीतरी उभे असलेले बरे. करार आणखी दोन वर्षांनी वाढवून देत आहेत. तुमची हरकत नसेल तर मी होकार कळवीन. गणपतीला मात्र पंधरा दिवसांसाठी नक्की येतो.

भात लावणी उरकली का, मलप्रभेला पाणी किती चढले, आईचा गुडघा कसा आहे, हे धाकट्याने लिहावे. म्हातारीच्या कागदाचे वाचन येत्या मंगळवारी मुखियाच्या अंगणात आहे. तिथे चौदा लागतात की सतरा, ते कळवतो.

तुमचा आज्ञाधारक,
थोरला