बेतीच्या फेरीबोटीवरून

लिस्बन,
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी रात्री सुखरूप पोचलो. छोटूला जरा सर्दी आहे, बाकी सगळे ठीक. फोनवर खुशाली सांगून झाली, पण पणजीचं काहीच नीट सांगता आलं नाही. आणि बाबांनी सांगितलेल्या कामाबद्दल बोलताना माझा गळा दाटून आला असता, म्हणून लिहायला बसले.

आई, तू म्हणाली होतीस, "गोव्यात समुद्राशिवाय आहे काय? ते चार दिवस इथेच राहा की." तुझं मन मोडून निघाले, त्याचं वाईट वाटतंच. पण पणजी तू बघायलाच हवीस. राजधानी म्हणावी आणि दुपारी पायी फिरून व्हावी, एवढंसं गाव. पोर्तुगिजांनी 1843 साली राजधानी जुन्या गोव्याहून इथे आणली. मांडवीच्या काठाने चालत राहिलं की नदी कधी समुद्र होते ते कळतच नाही.

आम्ही पणजीच्याच मळा नावाच्या वस्तीत एका जुन्या घरात उतरलो होतो. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येई. त्याच्या मोठ्या टोपलीवरचं निळं प्लॅस्टिक बाजूला केलं की आतून गरम वाफ अंगावर येई. पोई, म्हणजे इथला गोल पाव, हातात घेतली की कोंड्याची पूड बोटांना लागते, आणि मध्ये फोडली की आत नुसती पोकळी. तीत पातळ भाजी भरून छोटूने तीन दिवस तोच नाश्ता केला. दुपारी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी, किसमूर आणि उकडा भात. किसमूर मी शिकून आलेय. वाळलेली सुंगटं, ओलं खोबरं, कांदा आणि थोडं आमसूल, बस.

पलीकडेच फोंतेन्हास, पोर्तुगीज धाटणीच्या घरांची जुनी वस्ती. पिवळ्या-निळ्या भिंती, लाल कौलं, अरुंद बाल्कन्या. आमच्या लिस्बनच्या जुन्या वस्तीत उभी असल्यासारखं मला वाटलं. पण तिथे माणसं राहतात हे येणारे विसरतात. एक आजी दारात तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्याच पायरीवर चौघंजणं फोटोसाठी उभी. मला फार लाज वाटली. आम्ही गल्लीतून मुकाट चालत गेलो. संध्याकाळी महालक्ष्मीच्या देवळात आरतीला थांबलो. घरात कोंकणी बोलणारी माणसं, पण आरत्या सगळ्या मराठीत! तुझ्या नावाची ओटी तिथेच भरली. कवळ्याच्या शांतादुर्गेलाही जाऊन आलो, प्रसाद पार्सलात आहे.

आता बाबा, तुमचं काम.

निघताना तुम्ही पणजीसमोरच्या, मांडवीपलीकडच्या गावाचं नाव घेऊन म्हणालात, "बेतीला जाऊन ये. आपल्या सांगलीचा माणूस तिथे पकडला गेला." मोहन रानड्यांची गोष्ट तुमच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलीय. गोव्यात मराठीचे मास्तर म्हणून राहिले, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात काम केलं, 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, पण ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, थेट 1969 च्या जानेवारीपर्यंत. तुम्ही त्या तुरुंगाचं नाव नेहमी "कॅक्सियस" असं घेता. या खेपेला तुम्ही ते कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून दिलंत. तो कागद मी पणजीत पर्समधून काढून वाचला आणि तिथेच बसले. बाबा, इथले लोक त्याला "कशीयश" म्हणतात. ओएराशला कामावर जाताना माझी गाडी रोज त्या स्टेशनावर थांबते. चार वर्षं मी तिथून जातेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या सचिवालयाजवळून फेरीबोट धरली. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. साखळ्या खडखडत लोखंडी फळी खाली आली, आधी स्कुटरी चढल्या, मग मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, मग आम्ही. 1986 साली मांडवीचा पूल कोसळला तेव्हा सगळी माणसं याच बोटींच्या भरवशावर होती. नदीत आता कॅसिनोच्या मोठाल्या बोटी उभ्या असतात, त्या बघवत नाहीत. दहा मिनिटांत बेती. धक्क्यावर चहा देणाऱ्या मावशींना रानड्यांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "नांव आयकलां, पूण जागो खबर ना." चौकीची नेमकी जागा मला सापडली नाही. मी धक्क्यावरच नदीला नमस्कार केला, छोटूलाही करायला लावला.

तिथून रेइश मागुशचा किल्ला जवळच. जांभ्याचा, नदीच्या तोंडाशी, समोर मिरामारची किनार. 1993 पर्यंत तिथे तुरुंग होता, आता नीट डागडुजी करून लोकांसाठी उघडलाय. वरच्या तटावर वारा सुटला होता आणि छोटू विचारत होता की तुरुंगातल्या माणसांना समुद्र दिसायचा का. मला उत्तर देता आलं नाही. पुढे आग्वादलाही गेलो, 1612 चा किल्ला, 1864 चं दीपगृह. तिथे जहाजं गोडं पाणी भरून घ्यायची, म्हणून ते नाव. इथे दुकानात पाण्याची बाटली मागताना मी रोज तोच शब्द बोलते, "आग्वा". कळंगुटची गर्दी बघून लगेच परत फिरलो.

आज सकाळी तिघंही कशीयशला उतरलो. स्टेशनाजवळ छोटीशी पुळण आहे, थंडीतही पोरं खेळत होती. तुरुंग वर टेकडीकडे, अजून चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. रस्त्यावरूनच भिंत दिसली. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो. छोटूने विचारलं, "ते सांगलीचे काका इथे होते?" मी म्हटलं, हो, इथेच.

बेतीच्या धक्क्याचा आणि या भिंतीचा, असे दोन फोटो छापून सोबत पाठवतेय. मागे तारखा घातल्यात. बाबा, ते तुमच्या कपाटात ठेवा. आई, आमसुलं ओलसर वाटली तर एकदा ऊन दाखव.

तुमची लेक