गाडी ओढते म्हटलं की अलाइनमेंटच का?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

पावसाळ्यानंतर गाडीची काळजी कशी घ्यायची यावर तुमच्या पेपरात आलेलं वाचलं, चांगलं होतं, पण गाडी एका बाजूला ओढत असेल तर 'अलाइनमेंट करून घ्या', म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, एवढ्या एका ओळीत विषय उरकलाय आणि नेमकं त्याच ओळीपायी मी यंदा साडेनऊ हजार घालवलेत म्हणून लिहितोय.

गाडी साधी हॅचबॅक, आठ वर्षांची. पावसात अडीच महिने गावी अंगणात उभी होती. बाहेर काढली तर डावीकडे ओढायला लागली, सातारा सोडून खंबाटकी घाट पार करेपर्यंत हात भरून यायचे. पहिल्या दुकानात कॉम्प्युटरवर सगळं हिरवं दाखवलं, पैसे घेतले, गाडी तशीच. दुसरा म्हणाला टायर गेलेत, पुढचे दोन नवीन टाकले, तरी तेच. तिसऱ्याने परत अलाइनमेंट केली!

नंतर कळलं की बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे फक्त टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) ॲडजस्ट होतो, कॅम्बर-कास्टरला (चाकाचा आत-बाहेरचा कल आणि स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) कंपनीने सोयच दिलेली नसते. आणि टो बिघडला तर स्टिअरिंग वाकडं बसतं, टायर कडेने झिजतात, पण गाडी अशी ओढत नाही सहसा. मग हे लोक दोनदा नेमकं काय ॲडजस्ट करत होते?

शेवटी एका म्हाताऱ्या फिटरकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, नुसती चालताना ओढते का ब्रेक मारल्यावर? तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. चारी टायरची हवा स्वतःच्या गेजने बघितली, ती बरोबर होती. मग म्हणाले सपाट रस्त्याला दहा किलोमीटर जाऊन या, ब्रेक कमीत कमी मारा. आलो तसा त्यांनी पुढच्या दोन्ही रिमजवळ हात नेला, न टेकवता. उजवीकडे कोमट, डावीकडे तव्यासारखी धग आणि जळका वास. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेरा जेमतेम. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनचं रबर फाटून आत पाणी गेलेलं, पिन गंजून जाम, त्यामुळे ब्रेकवरचा पाय काढला तरी पॅड डिस्क सोडतच नव्हतं. पिन घासूनपुसून ग्रीस लावलं, रबर नवीन टाकलं, 450 रुपये. मायलेज का पडलं होतं तेही तेव्हाच समजलं.

त्यांनी सांगितलेलं अजून थोडं लिहितो. आपले रस्ते पाणी जायला कडेला उतरते असतात, म्हणून डाव्या लेनला गाडी जराशी डावीकडे जाणारच, त्याला दोष म्हणू नका, मोकळ्या रस्त्यावर उजव्या लेनला घेऊन बघा. टायरवर संशय असेल तर पुढचे दोन डावे-उजवे बदला (एकाच दिशेने फिरायचा बाण असलेले सोडून), ओढ बाजू बदलली तर टायरच, नाहीतर उगाच नवीन घेऊ नका. आणि फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर बहुतेक उलटं असतं, जी बाजू नीट पकडत नाही तिच्या विरुद्ध बाजूला गाडी जाते, तेव्हा दोन्हीकडचं उघडून बघायला सांगा.

पीयूसी आपण दरवर्षी काढतो, पण खासगी गाडीची फिटनेस आरटीओ बघते ते थेट 15 वर्षांनी, तोवर सगळं या दुकानवाल्यांच्या हातात. निदान ॲडजस्ट करायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट त्यांनी गिऱ्हाइकाला द्यावेत, न मागता. आणि तुम्ही परत यावर छापाल तेव्हा अलाइनमेंटच्या आधी हवा आणि ब्रेक बघा एवढं तरी टाका.

माझे काढलेले दोन टायर गॅलरीत पडून आहेत, पंधरा हजार किलोमीटर तरी आरामात गेले असते.

– एक वाचक, सातारा