पायाच्या अँजिओग्राफीतला डोस रुग्णाच्या कागदावर लिहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या अँजिओग्राफीला (औषध सोडून क्ष-किरणांनी वाहिन्या बघणं) आणि अँजिओप्लास्टीला (अडलेली वाहिनी फुग्याने उघडणं) कॅथलॅबमध्ये, म्हणजे हे काम होतं त्या क्ष-किरण खोलीत, उभा राहतो. आमच्याकडे येणारे बहुतेक जण मधुमेहाचे, नाहीतर वर्षानुवर्षं बिडी ओढणारे. बोट काळं पडलेलं असतं, पाय खाटेवरून खाली सोडल्याशिवाय रात्री झोप लागत नाही. अशा माणसाला किरणांची भीती घालण्यासाठी हे पत्र नाही. ब्लॉक कुठे आहे ते दिसलं नाही तर पाय कापावा लागतो. गरजेची तपासणी झालीच पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे, की तपासणीत किरणांचा किती डोस गेला ते रुग्णाच्या कागदावर लिहिलं जावं, आणि त्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला किरणांचा डोस मोजणाऱ्या आपल्या बॅजवरचा आकडा कळावा.

हा आकडा कुठून शोधून आणावा लागत नाही. प्रोसिजर संपली की एकूण डोस आणि फ्लोरोस्कोपीची (पडद्यावरच्या चालत्या क्ष-किरण चित्राची) मिनिटं मशीनच दाखवतं. सीटी अँजिओनंतर (सीटी स्कॅनने केलेल्या अँजिओग्राफीनंतर) डोसचं वेगळं पान तयार होतं. पुढचा रुग्ण टेबलावर आला की हे सगळं मागे पडतं. डिस्चार्ज कार्डावर साखर असते, क्रिएटिनिन असतं, स्टेंटचा स्टिकर असतो. डोस लिहिलेलं कार्ड माझ्या हाती क्वचितच आलं आहे.

पायाच्या रुग्णाच्या बाबतीत हे जास्त खटकतं, कारण तो एकदाच येत नाही. फुग्याने उघडलेली वाहिनी पुन्हा आकसते, मग दुसरा पाय दुखू लागतो, आणि दर वेळी रुग्णालय तेच असेल असं नाही. पिंढरी-पावलाला किरणांचा फारसा धोका नाही, हे खरं. पण सीटी पोटापासून बोटांपर्यंत होतो, आणि कमरेच्या वाहिन्या बघताना शरीराची जाडी भेदायला मशीन आपणहून डोस वाढवतं. डीएसएच्या (हाडं वगळून फक्त वाहिन्या दाखवणाऱ्या चित्रीकरणाच्या) एका फ्रेमला साध्या फ्लोरोस्कोपीच्या फ्रेमपेक्षा कितीतरी पट डोस लागतो. कातडीच्या एकाच जागी साधारण २ ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप) वर डोस गेला तर ती लाल होऊ शकते, आणि मोठ्या डोसाची जखम काही आठवड्यांनी दिसते. तोवर माणूस गावी गेलेला असतो. पाठीवरचा चट्टा बघून तिथले डॉक्टर नायट्याचं मलम देतील. त्यांच्यासमोरच्या कागदावर काहीच नसेल तर त्यांनी तरी काय करावं? पायाच्या कामात अशी इजा क्वचितच होते. पण जुने आकडे जवळ असल्याशिवाय बेरीज करणार कशी?

आता आमचं. रुग्णाच्या शरीरावर आपटून विखुरलेले किरण आमच्यापर्यंत येतात. जांघेतून खाली पायाकडे सुई घातली की डॉक्टरांचे हात किरणांच्या अगदी कडेला असतात. छताला टांगलेली शिशाची काच हृदयाच्या कामाला सोयीची पडते. टेबल पायाकडे सरकवलं की अनेकदा ती बाजूला ढकलली जाते. आमच्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशोबाने डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. ती पाळली जाते की नाही ते टीएलडी नावाच्या या बॅजवरून ठरतं, आणि बॅज छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत असतो. डोळ्यांचं आणि हातांचं त्याला काय कळणार? डोळ्याच्या भिंगासाठीही सरासरी २० मिलिसिव्हर्टचीच मर्यादा हवी, असं किरणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीआरपी) २०११ मध्ये सांगितलं, कारण मोतीबिंदू पूर्वी समजत होतो त्यापेक्षा कमी डोसातही होतो. तरीही शिशाचा चष्मा न घालता तासन् तास उभे राहणारे लोक मी रोज बघतो. बॅजचा तिमाही अहवाल कार्यालयात येतो आणि बऱ्याचदा फाइलीतच राहतो. कंत्राटी वॉर्डबॉय आणि मावशी पेशंट धरायला आत येतात, त्यांच्याकडे तर पुष्कळदा बॅजच नसतो. त्यांच्यासाठी मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

डोस कमी करणं अवघड नाही. सेकंदाला १५ ऐवजी ७.५ फ्रेम घेतल्या की फ्लोरोस्कोपीतला डोस जवळपास निम्म्यावर येतो. आधी डोप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावा, त्यात किरण नसतातच. मधुमेह्याच्या गुडघ्याखालच्या वाहिन्यांत अनेकदा कॅल्शियम इतकं साचलेलं असतं की सीटीत आतली पोकळी नीट दिसत नाही, आणि शेवटी अँजिओग्राफी करावीच लागते. अशा रुग्णाला सीटी खरंच हवा का, हे डॉक्टरांनी ठरवावं. पण तो प्रश्न विचारला जावा. डोसचा आकडा रोज स्वतःच्या हाताने लिहावा लागला, तर किरण सोडणाऱ्या पेडलवरचा पाय लवकर उचलला जाईल असं मला मनापासून वाटतं.

महोदय, किरणांचे नियम केंद्राचे आहेत, हे मला माहीत आहे. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्या हातात आहे. दाव्यासोबत रुग्णालयं अहवाल जोडतातच. पायाच्या अँजिओप्लास्टीच्या दाव्यात डोसचं पान सक्तीचं करा आणि त्याची प्रत रुग्णाला द्यायला लावा. जिल्हा रुग्णालयांना पत्र काढून कॅथलॅब आणि सी-आर्मच्या (हलवता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राच्या) खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला, कंत्राटी असला तरी, बॅज द्या आणि दर तिमाहीचा आकडा त्याच्या सहीने त्याला दाखवा. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत, म्हणून या पत्राची प्रत मा. वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांनाही पाठवत आहे.

आपला,
एक क्ष-किरण तंत्रज्ञ