सायलीस, रे पार्किनच्या पुस्तकांविषयी

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

मावशीने मेलबर्नहून पाठवलेली पुस्तकं पोचली. चारही वाचली आणि तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली आहेत. बोटीवरून उतरलीस की घेऊन जा. लेखकाचं नाव रे पार्किन. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातला खलाशी, चित्रकार, आणि युद्धानंतर मेलबर्नच्या धक्क्यावर टॅली क्लार्क. मीही मुंबईच्या इंदिरा डॉकात जन्मभर तेच केलं, म्हणून या माणसाने मला धरून ठेवलं असेल. दिवसभर हॅचपाशी उभं राहून उतरलेल्या आणि फाटलेल्या गोण्यांचा हिशेब ठेवायचा आणि घरी येऊन अशी पुस्तकं लिहायची, याचं मोल मला कळतं.

तुमची बोट जावा-सुमात्रामधल्या सुंदा सामुद्रधुनीतून गेली की त्याची आठवण काढ. 1942 च्या 28 फेब्रुवारीच्या रात्री 'पर्थ' ही ऑस्ट्रेलियाची क्रूझर (युद्धनौका) आणि अमेरिकेची 'ह्यूस्टन' तिथून निसटायला बघत होत्या, आणि समोर जावावर उतरणारा जपानी ताफा आला. पार्किन 'पर्थ'च्या सुकाणूवर होता. दारूगोळा संपला तेव्हा सरावाचे गोळेही डागले. मध्यरात्रीनंतर पाणतीर लागून जहाज बुडालं. 681 पैकी 353 माणसं त्या लढाईत गेली, आणि युद्ध संपल्यावर घरी परतले ते 218. पार्किनसह दहा जणांना एक लाइफबोट सापडली. तिला शीड लावून ऑस्ट्रेलिया गाठायचं त्यांनी ठरवलं. जावाचा किनारा धरून कसेबसे दक्षिण किनाऱ्यावरच्या चिलाचाप बंदराला पोचले, तर तिथे जपानी आधीच आलेले; ते युद्धकैदी झाले. 'आउट ऑफ द स्मोक' (1960) ही त्याचीच हकीकत. त्यातलं वारा, लाट आणि प्रवाहाचं वर्णन तुला माझ्याहून जास्त समजेल. वाचशील तेव्हा नकाशा जवळ ठेव.

दुसरं पुस्तक, 'इनटू द स्मदर' (1963), थांबत थांबत वाच. ते जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या बर्मा–सयाम (थायलंड) रेल्वेवरच्या त्याच्या रोजनिशीतून उभं राहिलंय. 415 किलोमीटरचा मार्ग, वर्षभरात पुरा केलेला. सयाममधल्या हिंटोकच्या आसपास हातोडा आणि पहारीने खडक फोडायचा, पाऊस, हगवण, हिवताप, कॉलरा. बारा हजारांहून जास्त युद्धकैदी त्या मार्गावर मेले. आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट मेले, आणि त्यांत मलायाच्या रबराच्या मळ्यांतून आणलेले हजारो तमिळ होते. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात हे कुठे असतं? त्यांची नावं लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

अशा ठिकाणी हा माणूस चित्रं काढत होता. एका चित्रात हिवतापाने खंगलेले दोन कैदी कॉलऱ्याच्या रोग्याला दोन्ही बाजूंनी आधार देऊन चालवताहेत. तिघांच्याही अंगावर मांस नाही. पण ते एकमेकांना कसे टेकलेत, कुणाचा भार कुणावर आहे, ते बघ. बघताना अंगावर काटा येतो, आणि तरी त्यात रडारड नाही. त्याच हाताने त्याने फुलपाखरं आणि रानातली झाडंही काढली. काहीजण म्हणतील की त्याला सुंदर बघायची हौस होती. मला वाटतं, समोर जे आहे ते सगळं नोंदवायचं, त्यातलं काही गाळायचं नाही, ही त्याची शिस्त होती. 1944 मध्ये त्याला जपानला पाठवायचं ठरलं तेव्हा ती चित्रं त्याने छावणीतले सर्जन डनलॉप यांच्याकडे सोपवली. त्यांनी ती लपवून जपली आणि युद्धानंतर परत दिली. पकडले गेले असते तर काय झालं असतं, ते दोघंही जाणून होते.

तिसरं, 'द स्वोर्ड अँड द ब्लॉसम' (1968), जपानपर्यंतचा जहाजाचा प्रवास आणि तिथल्या कोळशाच्या खाणीतल्या दिवसांचं. इतकं सोसूनही तो जपानी माणसांकडे माणूस म्हणून बघतो. मला ते जमलं नसतं.

चौथं मात्र तुझ्याच धंद्याचं. 'एच. एम. बार्क एन्डेव्हर' 1997 ला आलं तेव्हा तो सत्त्याऐंशीच्या घरात होता. दोन वर्षांनी न्यू साउथ वेल्समध्ये त्याला वर्षातल्या उत्तम पुस्तकाचा मान मिळाला. कॅप्टन कुकचं हे जहाज मुळात व्हिट्बीला बांधलेलं कोळसा वाहणारं, सपाट तळाचं. पार्किनने जुने आराखडे आणि जहाजावरच्या रोजनिशा समोर ठेवून जहाजाची चित्रं स्वतः काढली. 11 जून 1770 च्या रात्री ते प्रवाळावर आदळलं, तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. तोफा आणि इतर ओझं पाण्यात टाकलं, पंप थांबू दिले नाहीत. मग मंकहाउस नावाच्या मिडशिपमनने आधीच्या एका प्रवासात पाहिलेली युक्ती सांगितली. जुन्या शिडावर पिंजलेले दोर आणि लोकर टाचायची, वर मेंढ्यांच्या लेंड्या पसरायच्या, आणि दोरांनी ते जहाजाच्या पोटाखालून ओढायचं. आत घुसणारं पाणीच ते ओढून भोकाला चिकटवतं. पुढे जहाज किनाऱ्यावर घेतलं तेव्हा कळलं की प्रवाळाचा एक मोठा तुकडा भोकातच अडकून राहिला होता, आणि त्यानेही पाणी अडवलं होतं.

कॅडेट असताना तू पत्रांत क्रेन, बोलार्ड, डेकवरची माणसं काढून पाठवायचीस. आईने ती सगळी जपलीत. आता थर्ड मेट झालीस, वॉच असतो, वेळ नसतो, कळतं. तरी एक वही घे, आणि पहिलं चित्र विंडलासचं, नांगर ओढणाऱ्या यंत्राचं, काढ. साखळी खाचांच्या चाकावर कशी बसते ते मला नीट दिसू दे, फोटो नको. आणि वरची शिडाची युक्ती तुमच्या तांडेलला ठाऊक आहे का, तेही विचारून कळव.

तुझा,
बाबा