वकील निवडा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामावरच्या अपघातांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. तीन-चार वकिलांना भेटा, त्यांचा अनुभव तपासा, मग ठरवा, असा सल्ला लेखकमहाशयांनी दिलाय. लग्नाचा हॉल बघावा तसा! बोटं तुटलेल्या माणसाकडे एवढी सवड आणि पैसा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं?

भोसरीत माझं आयुष्य पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशिनवर गेलं. भाचा पंचवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, सात माणसांच्या शेडमध्ये प्रेसवर होता. ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, प्रश्नच नाही. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच स्ट्रोक यावा, म्हणजे प्रेस खाली यावी, अशी मशिनची रचना असते. तिथे एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं, कारण माल भराभर निघतो. डावा हात बटणावर, उजवा डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर चाळीस हजार हातावर ठेवले आणि स्टँप पेपर पुढे केला. माझी तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही, वगैरे. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून शिकलेल्या पोराचा डावा अंगठा घेतला.

दवाखान्याच्या दारातच एक वकीलसाहेब भेटले. जे मिळेल त्यातले तीस टक्के त्यांचे. भरपाईत असा वाटा ठरवणं वकिलांच्या नियमांतच बसत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुमच्या लेखात ते असायला काय हरकत होती?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. अख्ख्या पानात याबद्दल एक ओळ नाही! आम्हाला जुन्या युनियनमधल्या मित्राने सांगितलं, तेव्हा जिल्हा प्राधिकरणात अर्ज केला.

तिथून मिळालेल्या वकीलबाईंनी स्टँप पेपरवर नजर टाकली आणि बाजूला सारला. हक्क सोडल्याचा असा करार 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने रद्दच ठरतो. (अपघात सामाजिक सुरक्षेची नवी संहिता लागू होण्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा.) मग त्यांनी हिशेब मांडला. पगार 16 हजार, पण कायदा 15 हजारच धरतो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9 हजार, गुणिले पंचविसाव्या वर्षाचा गुणक 216.91. दोन बोटांना त्याचे 20 टक्के. झाले 3 लाख 90 हजारांच्या वर! शिवाय महिन्याभरात न दिल्यास 12 टक्के व्याज. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो, तो कसाबसा मुदतीत बसला. आता मालकाचे वकील पुढची तारीख मागण्यात पटाईत आहेत, तो भाग वेगळा.

जाता जाता आणखी एक. दर मार्चला सुरक्षा सप्ताहात कोरी हेल्मेटं घातलेल्या साहेबांचे फोटो तुम्ही चार कॉलमात छापता. यंदा त्यातला एक कॉलम कापा आणि मोफत विधी सेवेचा 15100 हा नंबर ठळक अक्षरात छापा.

आपला,
एक निवृत्त प्रेस ऑपरेटर, भोसरी