मेजरचं स्थळ

सांगली, १८ मार्च

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

रेवासाठी स्थळ सुचवणारं तुझं पत्र मी मॉस्कोला लेकीकडे निघालो त्याच्या आदल्या दिवशी हातात पडलं. स्थळ तुझ्या माहितीतलं आहे, घरची माणसं चांगली आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे, हे सगळं तू किती आपुलकीने लिहिलं आहेस. लगेच होकार कळवावा असंच मनात होतं. पण तिकडे एक चित्र पाहिलं आणि उत्तर बदललं. म्हणून आधी त्या चित्राबद्दल लिहितो.

रेवाला रविवारी सुट्टी होती. मेडिकलची चार वर्षं तिकडे काढल्यामुळे ती आता रशियन घडाघडा बोलते. तिने मला त्रेत्याकोव्ह गॅलरीत नेलं. तिथे पावेल फेदोतोव्हचं 'मेजरचं लग्नाचं मागणं' हे १८४८ सालचं चित्र आहे. मला वाटलं होतं भिंतभर असेल. प्रत्यक्षात रुंदी जेमतेम पाऊण मीटर. वाकून, नाक लावून पाहावं लागतं, आणि तसं पाहिलं की एक अख्खं घर उघडतं.

व्यापाऱ्याचं घर आहे. मुलीला बघायला, खरं तर मागणी घालायला, लष्करातला मेजर आला आहे. तो अजून पलीकडच्या खोलीत, दारात उभा, कमरेवर हात ठेवून मिशीला पीळ देतो आहे. सोयरीक जमवणारी बाई, तिकडे तिला 'स्वाखा' म्हणतात, भरजरी कपड्यांत आत येऊन सांगते आहे की पाहुणे आले. बाप घाईघाईने लांब कोटाची बटणं लावतो आहे. स्वयंपाकीण टेबलावर 'कुलेब्याका' म्हणजे सारण भरलेला मोठा पाव ठेवते आहे. मागे एक म्हातारी बाटल्या घेऊन आलेल्या माणसाच्या कानाशी लागली आहे, काय चाललंय विचारायला. खाली जमिनीवर मांजर तोंड धुतं आहे. मांजराने तोंड धुतलं की पाहुणा येतो, असं रशियात मानतात. आपल्याकडे कावळा ओरडतो तसंच.

आणि मधोमध ती मुलगी. भर दिवसा तिला नाचाच्या समारंभाचा पांढरा, खोल गळ्याचा झिरझिरीत पोशाख घातला आहे, गळ्यात मोती आहेत. ती पाठ फिरवून पळते आहे. आईने मागून तिचा घोळ मुठीत धरला आहे. आईच्या ओठांचा असा चंबू झाला आहे की 'मूर्ख कुठली' हे शब्द ऐकूच येतात. मुलीचा हातरुमाल खाली पडला आहे आणि तो उचलायचं कुणाला सुचलेलं नाही.

या सगळ्यामागचा व्यवहार रेवाने समजावला, काही मी नंतर वाचलं. रशियात तेव्हा माणसाची जात जणू सरकारदरबारी ठरे. व्यापाऱ्याने दरवर्षी गिल्डचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाचा, पैसा भरला तर तो व्यापारी. धंदा बुडाला, पैसा भरता आला नाही, की तो खालच्या वर्गात गेला. मग मुलांवर सक्तीची सैन्यभरती आली, फटक्यांची शिक्षाही आली. सरदारवर्गाला ही भीती नव्हती. लग्न झालं की बायकोला नवऱ्याचा दर्जा मिळे. त्यातही १८४५ च्या कायद्याने लष्करात वंशपरंपरागत सरदारकी मिळायची अट वाढवून मेजरच्या हुद्द्यावर नेऊन ठेवली होती. म्हणजे मेजर ही नेमकी ती पायरी, जिथून पोरीची पोरंबाळं कायमची सुरक्षित होतात. आणि मेजरला हवा हुंडा. बाप हावरट आहे असं आधी वाटतं. हे कळल्यावर तो मला घाबरलेला दिसायला लागला.

लोक या चित्राला हसतात, हसावं असंच ते आहे. पण फेदोतोव्हला यातल्या कुणाचाही राग आलेला नाही. तो स्वतः १० वर्षं गार्ड्समध्ये, म्हणजे झारच्या खास पलटणीत, अधिकारी होता, नोकरी सोडून चित्रकार झाला. या चित्रासाठी मनासारखं झुंबर मिळावं म्हणून तो काही ना काही निमित्त काढून लोकांच्या घरांत शिरायचा. शेवटी काजळलेल्या लोलकांचं झुंबर एका खानावळीत सापडलं. व्यापाऱ्याचा चेहरा पीटर्सबर्गच्या अनिचकोव्ह पुलाजवळ दिसला, तर त्या अनोळखी माणसाच्या मागे लागून त्याने ओळख काढली. चित्रामुळे त्याला कला अकादमीची पदवी मिळाली, पण पैसा टिकला नाही. घरी वडील आणि बहिणी, सगळ्यांचा भार त्याच्यावर. धाकटी बहीण गरोदरपणात विधवा झाली, कर्ज अंगावर. तिच्यावरून त्याने 'विधवा' हे चित्र केलं. स्वतः अविवाहित राहिला, आणि १८५२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ३७ व्या वर्षी गेला. शेवटपर्यंत जवळ होता तो त्याचा लष्करातला जुना सेवक कोर्शुनोव्ह.

त्याच गॅलरीत पुकिरेव्हचं १८६२ चं 'विषम विवाह' आहे. ते मात्र खरंच पुरुषभर उंच. जख्खड म्हातारा अधिकारी आणि कोवळी पोर, आपल्याकडचा जरठ-बाला विवाहच. मुलीच्या हातातली मेणबत्ती कलली आहे, डोळे रडून सुजलेत. तिथे अन्याय इतका उघड आहे की पाहणारा लगेच मुलीच्या बाजूचा होतो. मेजरच्या चित्रात तसं होत नाही. तिथे कुणी राक्षस नाही, सगळे मुलीच्या भल्याचंच बघताहेत. मला ते जास्त लागलं.

मधू, आक्काला बघायला आले होते तो दिवस आठवतो का? तू आमच्या ओसरीवरच होतास. मी माजघरात होतो. पोह्यांच्या बशा भरून ठेवल्या होत्या, काकू पाहुण्यांचं किती एकर बागायत आहे ते सांगत होती. आक्का खिडकीचा गज धरून उभी होती आणि गज सोडत नव्हती. आईने तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. ओढत नव्हती, नुसतं धरलं होतं. मग बाहेरून हाक आली आणि आक्का गेली. तिचा संसार नीट झाला, दाजी फार चांगले निघाले, आईने तिचं वाईट कधीच चिंतलं नाही. पण त्या दिवशी तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. पन्नास वर्षं मी ती मूठ विसरलो होतो. मॉस्कोत त्या चित्रासमोर ती जशीच्या तशी दिसली.

रेवाने मला विचारलं, "बाबा, पुढे ती पळून जाते, की तिला परत आणतात?" मला उत्तर देता आलं नाही. बाकावर बसलो आणि खिशातलं तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मधूकाकांनी किती मनापासून लिहिलंय. पण आधी मी त्या मुलाशी बोलेन. तुम्ही दोघं मध्ये नको."

तेव्हा माझं उत्तर हे आहे. मी होकार कळवत नाही, नकारही कळवत नाही. तिचा फोन नंबर तुझ्याकडे आहे, तो त्या मुलाला दे. जूनअखेर तिच्या परीक्षा आहेत, तोवर थांबायला सांग. पत्रिका अजून पाठवू नकोस. त्याच्या घरच्यांना मी पत्र लिहिलेलं बरं दिसेल का, ते तेवढं कळव.

वहिनींना नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे?

तुझा,
दत्ता